घट गेला, सर्प उरला

आमची मावशी डॉक्टर आहे, हे तिच्या अक्षरावरून कोणीही सांगेल. तिची चिठ्ठी वाचू शकणारा एकच प्राणी आहे, समोरचा औषधवाला. लग्न ठरल्यावर मावशीने पाठवलेलं पहिलं पत्र काकांनी त्याच्याकडूनच वाचून घेतलं, असं आई सांगते. मावशी म्हणते, आई थापा मारते.

एका दुपारी गल्लीतला शिंपी बायकोसह सात वर्षांच्या लेकीला उचलून दवाखान्यात आला. पोरीला ताप, गिळता येईना. मावशीने घशात टॉर्च मारला. आत राखाडी पापुद्रा धरला होता. तिने मायलेकींना तडक मोठ्या इस्पितळात धाडलं आणि आरोग्य खात्याला कळवायला कागद ओढला.

शिंप्याने हात जोडले. "बाई, कागदावर नका घालू. माझ्या हातचा कपडा कोणी अंगाला लावणार नाही."

"वर्गात पोरं किती?"

"चाळीस."

"मग चाळीस घसे मी कुठे लपवू? अरे, नुसता संशय आला तरी कळवावं लागतं. खात्रीची वाट बघत बसलो, तर ती चाळीस घरांत होईल."

छापील फॉर्म संपलेले. मावशीने औषधाच्या चिठ्ठीवरच खरडलं: 'घटसर्प, संशयित. शिंप्याचं घर. तातडीने माणूस पाठवा.' कंपाउंडर चिठ्ठी देऊन आला.

सकाळी माणूस आला. हातात काठी, काखेत पोतं. शिंप्याच्या मशीनखाली वाकून म्हणाला, "कुठंय? नाग आहे की धामण?"

खात्यातल्या कारकुनाला 'घट' लागला नव्हता. 'सर्प' मात्र स्वच्छ लागला होता.

शिंपी त्याला घेऊनच दवाखान्यात आला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसत होता बिचारा. मावशी मात्र पांढरीफटक पडली. अख्खी रात्र वाया गेली होती, आणि पोरं शाळेत पोचलीही होती. तिने फोन उचलला.

"घ घराचा, ट टोपीचा. साप घशात आहे हो, घशात!"

दुपारच्या आत खात्याची गाडी शाळेत उभी होती. चाळीस घसे तपासले. दोघांना औषध सुरू झालं, बाकीच्यांना लस टोचली. त्यापुढे नवा रोगी निघाला नाही. आणि शिंप्याकडे कपडे येतच राहिले, कारण गल्लीत रोगापेक्षा सापाचीच गोष्ट जास्त फिरली.

त्या दिवसापासून मावशी रोज दुरेघी वहीत एक पान शुद्धलेखन काढते, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. कंपाउंडर तोंड फिरवून हसतो. तिला फरक पडत नाही.

महिन्याभराने शिंप्याची लेक तपासणीला आली. घसा स्वच्छ. खुर्चीवरून उतरता उतरता तिने टेबलावरची वही ओढली, लाल पेन मागितलं आणि मन लावून लिहिलं: 'बरे आहे. घ अजून गिरवा.'

मावशीने मुकाट्याने घ गिरवायला घेतला.