अर्धा तास उभी

"थांबा मावशी. आधी तुम्ही खायचं. पोरांनी मागनं."

शाळेच्या समितीचा अध्यक्ष असं म्हणाला तेव्हा माझ्या हातात डाव होता आणि खिचडीची वाफ तोंडावर येत होती. पोरं ताटल्या घेऊन व्हरांड्यात बसलेली. त्यानं मला सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. हातात ताटली दिली. "अर्धा तास इथंच उभं राहायचं. काय झालं न्हाई तर वाढू." आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

का, तर मी वेडी. त्यांच्या लेखी. खिचडीत काय टाकीन, नेम नाही.

आता नीट सांगते. घोड नदीच्या काठाला आमचं गाव. शाळेत खिचडी शिजवायचं काम मी बारा-तेरा वर्षं करते. मध्ये एक वर्ष घरात पडून होते. डिप्रेशन, असं शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जोडीला माणसांची भीती. लोक विचारतात, कशानं झालं? मला खरंच ठाऊक नाही. पोरगा-सून जीव लावतात, तरी झालं. दारात कुणाची चप्पल वाजली की मी ज्वारीच्या पोत्यांआड जाऊन बसायची. कुणी खाताना माझ्याकडं बघितलं की घास घशात अडकायचा. गोळ्या घेतल्या. दर महिन्याला जीपनं शिरूर गाठलं. मग डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "आता कामावर जा. मी तसा कागद देते." पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाला हात लावून माघारी आले. दुसऱ्या दिवशी आत गेले. म्हटलं, स्वयंपाकाची खोली बरी. तोंड चुलीकडं, पाठ जगाकडं.

आणि यानं मला नेमकं व्हरांड्यात उभं केलं. सगळ्यांसमोर. खायला.

घास तोंडापर्यंत जाईना, खिचडी पदरावर सांडली. एक पोरगं म्हणालं, "आज्जीची परीक्षा हाय!" पोरं हसली. पोरांचं काय घेऊन बसायचं. पण मोठ्या माणसांतलं कुणी त्यांना गप्प बसा म्हणालं नाही. मुख्याध्यापिका मॅडम मोबाईलमध्ये बघत राहिल्या.

तीन दिवस हेच. माझ्याबरोबर सुमन स्वयंपाक करते, अध्यक्षाच्या भावकीतली. एकच पातेलं, दोघींचे हात. तिला कुणी उभं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आले ती ओकलेच. सुनेला म्हटलं, "मी न्हाई जात आता. माझंच डोकं बिघडलंय, त्यांचं काय चुकलं?" सून शिक्रापूरला कंपनीत जाते. नुकतीच ड्यूटीवरनं आलेली, बॅग खांद्याला तशीच. म्हणाली, "आत्या, तुम्ही कामाला लागला तवा वरच्या आळीची पोरं घरनं डबं आणायची. तवा कुठं तुमचं डोकं बिघडलं व्हतं?"

मी तिच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.

खरं होतं. आमचं घर बुद्धवाड्यात. माझ्या हातचं नको, म्हणून डबे यायचे. पुढं पोरांनाच गरम खिचडी आवडायला लागली, डबे बंद झाले. मला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं. दबा धरून बसलं होतं. आता तोंडानं जात काढायची सोय राहिली नाही, त्यात माझा आजार त्यांना आयता सापडला. आणि मी खुळी. विटाळ त्यांच्या मनात, आणि दोष देत बसले स्वतःच्या डोक्याला.

लहानपणी मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. याच शाळेत, चुलीवर डाळ शिजेपर्यंत भिंतीवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. त्या भिंतीवर लिहिलंय, वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकांनी आणि पालकांनी चव घ्यायची, चवीच्या वहीत सही करायची. शिजवणारीला उभं करायचं, असं कुठंही लिहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी मी दोन ताटल्या भरल्या. एक माझी, एक अध्यक्षाची.

"घ्या. तुम्ही बी पालक हाय. दोघं संगंच खाऊ, संगंच उभं राहू."

तो एक पाऊल मागं सरला. "माझा उपास हाय आज."

सुमन चुलीपासनं ओरडली, "आवं भावजी, कसला उपास? आत्ताच तर मॅडमच्या टेबलावर चहात बुडवून चार बटरं हाणली की!"

पोरं फिदीफिदी हसली. मी सगळ्यांच्या देखत घास घेतला. चावला. गिळला.

"मॅडम, वहीत लिवा. अध्यक्षांनी चव घेतली न्हाई."

मॅडमचं पेन वरच्या वर. "मावशी, जाऊ द्या ना."

जाऊ कशाला द्यायचं? मी वही ओढली. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'अध्यक्षांनी खायला नकार दिला.' खाली माझी सही. तरी वाचता येतंय.

तो लालबुंद झाला. "उद्यापासनं यायचं न्हाई तू! काढून टाकीन!"

मावशीची 'तू' व्हायला एवढाच वेळ लागला.

"ठराव करा," मी म्हटलं. "आन् कारण लिवा. आजार लिवणार असाल तर डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्यापाशी हाय. दुसरं काय असंल तर ते बी लिवा. मला वाचता येतं."

दुसऱ्या दिवशी मी गेले. शिजवलं. वाढलं. कुणी उभं केलं नाही.

सोमवारी समितीची बैठक आहे, माझ्याच कामावरनं. निरोप आलाय, बाहेर थांबा, हाक मारली की आत या. मी बाहेर थांबणार नाही. भीती गेलेली नाही, खोटं कशाला सांगू? गोळी चालू आहे. हे लिहितानाही तळहात ओले झालेत. पण बुद्धवाड्यातल्या बायांना सांगितलंय, वरच्या आळीतल्या पोरांच्या आयांनाही सांगितलंय, सगळ्याजणी या. ज्या नजरांना मी वर्षभर भ्याले, त्या सगळ्या नजरा मला त्या खोलीत पाहिजेत. त्यांच्या देखत त्याला विचारणार आहे, मला का काढतोस? आणि तो खरं कारण तोंडानं बोलेपर्यंत मी तिथनं हलणार नाही.