सावंतकाकांना न केलेले फोन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि उद्या जिन्यात भेटणारही नाही.

करोनाच्या काळात मी कल्याणच्या एका केंद्रावर कामाला होते. काही देश मिळून एक लस तयार करत होते — कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेली, गरिबांना परवडेल अशी. आमच्याकडे स्वयंसेवकांवर तिची चाचणी चालायची. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं, ते आम्हालाही ठाऊक नसायचं. मला त्या कामाचा अभिमान होता. जरा जास्तच होता, खरं तर.

वर्तकनगरला आमच्या खालच्या मजल्यावर सावंतकाका राहायचे. पोस्टातून निवृत्त, भारी चौकस. माझ्या शब्दाखातर चाचणीत आले. दोन्ही डोस झाल्यावर जिन्यात गाठून रोज विचारायचे, "अगं, मला खरी मिळाली ना?" एकदा मी घाईत होते. म्हटलं, "काका, हात दुखलेला ना? मग खरीच." हात तर नुसत्या सुईनेही दुखतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पिच्छा सुटावा म्हणून बोलले — दुसरं काही नाही.

काका निर्धास्त झाले. कळव्याला बहिणीकडे जायला लागले, सोसायटीच्या ऑफिसात कॅरम सुरू झाला.

पुढे सरकारी केंद्रांवर दुसऱ्या लशी मिळायला लागल्या. तेव्हा ठरलं, की सलाइन मिळालेल्यांना तसं कळवायचं आणि बोलावून लस द्यायची. नावांची यादी माझ्याकडे आली. त्यात काका होते.

नियम असा — तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करायचा, नाहीच उचलला तर तसं लिहायचं. बाकीच्यांना मी फोन केले. काकांना? काय सांगणार होते — की मी तेव्हा थाप मारली? तीन दिवस मी त्यांच्या नावापुढे 'उचलला नाही' असं लिहिलं. फोन केलाच नव्हता. खरं तर फोनचीही गरज नव्हती, एक मजला उतरायचं होतं.

तीन आठवड्यांनी काकांना ताप आला. बाराव्या दिवशी गेले. लस मिळाली असती तर वाचले असते का, मला माहीत नाही. सांभाळून राहिले असते, एवढं नक्की.

अहवालात त्यांचं मरण सलाइनवाल्यांत मोजलं गेलं — म्हणजे लस उपयोगी असल्याचा पुरावा म्हणून. आमच्या इमारतीत मात्र सगळं खापर लशीवर फुटलं. स्वस्तातली ती, तिचं काय घेऊन बसलात, असं लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

तेरावं झाल्यावर काकूंना भेटायला गेले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू तिथलीच ना गं? एवढंच सांग, ह्यांना लस दिलेली की नाही?"

इतकं सरळ विचारलं त्यांनी. एका शब्दात उत्तर देता आलं असतं.

मी म्हटलं, "दिलेली, काकू. कधीकधी घेऊनही होतं."

"मग मी कशाला घेऊ?"

काकूंनी लस घेतली नाही. कुठलीच घेतली नाही. खाली एकट्याच राहतात. माझ्यावर त्यांचा फार विश्वास आहे — हल्ली रक्तदाबाची गोळीसुद्धा मला विचारून घेतात.