वाढत्या मापाचा दुकानदार

सावंतवाडीतला हा खेळाच्या सामानाचा दुकानदार पोरांना मापाचं काही देतच नाही. बूट मोठे देतो आणि पुढे कागद कोंबतो. "वाढतां आंग आसा, वैनी!"

परवा लेकीच्या कराटेसाठी माउथगार्ड हवा होता. तिचे दात अजून बदलतायत, म्हणून गरम पाण्यात मऊ करून पुन्हा बसवता येईल असा लहान मागितला. पठ्ठ्याने मोठ्या माणसाचा काढला. तिने तो दातांवर बसवला आणि तोंड उघडताच तो खाली पडला.

"दुधाचे दात ते. पडले तर परत येतले."

"पुढचे कायमचे आलेत!" मी ओरडलेच.

त्याने खुशाल कात्री उचलली. "कापून देतंय."

"आणि उरलेल्या जागेत काय, कागद कोंबणार?"

मेल्याची नजर खरंच रद्दीकडे गेली.