कारखान्याच्या गच्चीवरचं वाळवण

जे मणी दोनशे अंशांच्या पुढे तापवून काढावे लागतात, ते मी कारखान्याच्या गच्चीवर वाळत घातले होते. उडदाच्या पापडांसारखे! नातवंडांना वाटतं आजीला सगळं कळतं, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लहानसाच. सॉल्व्हंटमधलं, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावकातलं, पाणी काढून द्यायचं, एवढंच काम. धुळ्याचा रंगाचा कारखाना हे आमचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्यांच्या रंगाला पाण्याचा अंशही सोसत नसे. उंच लोखंडी टाकीत साबुदाण्याएवढे मॉलिक्युलर सिव्हचे मणी भरलेले असत. त्यांच्या अंगाला इतकी बारीक छिद्रं, की पाणी तेवढं आत शिरून अडकतं आणि सॉल्व्हंट कोरडं होऊन खाली उतरतं. मण्यांचं पोट भरलं की गरम वायू सोडून ते टाकीतच तापवायचे.

त्या टाकीचा ताबा मी साहेबांच्या मागे लागून लागून मिळवला होता. "बाईला झेपेल का?" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. आणि नेमकी तेव्हाच वायू तापवणाऱ्या हीटरची कॉइल जळाली. नवी कॉइल यायला वेळ होता. साहेब म्हणाले, "धुळ्याला फोन करून मुदत मागतो."

"मुदत कशाला, साहेब? बाहेर ऊन बघा! मेहरूणला आमच्या गच्चीवर पापड दुपारच्या आत कडकडीत होतात."

काय तो तोरा! गार वायू फुंकून सॉल्व्हंटचा वास घालवला, मणी उपसले, वर ताडपत्रीवर पसरले. डोक्याला पदर बांधून दिवसभर हात फिरवत बसले. कावळे हाकलले, तेही मनापासून. जसा काही कावळा ते मणी खाणार होता! संध्याकाळी मूठभर मणी उचलून कानाशी वाजवले. खळखळ. "वाळले," असं जाहीर केलं.

टाकी भरली, सॉल्व्हंट सोडलं, नमुना पाणी मोजायच्या यंत्रात घातला. पाणी जिथल्या तिथे! बाटली धुऊन परत घातला. तेच. यंत्रातलं रसायन बदललं. तेच. यंत्राला चापट मारली, ते बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या, मदतनिसावर उगाच खेकसले. वैताग असा, की डोळ्यांत पाणी आलं. तेवढं एक पाणी मात्र यंत्राने मोजलं नाही. मण्यांच्या पोटातलं पाणी उन्हाला दाद देत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं हो! पण हाताला कोरडं लागलं म्हणजे कोरडं, हे त्याच्याही आधी आईच्या हाताखाली शिकले होते. शेवटी मी ठरवलं, यंत्रच बिघडलंय. साहेबांना तसं ठणकावून सांगितलं आणि टँकर धुळ्याला रवाना केला.

धुळ्याच्या यंत्रानेही तोच आकडा दाखवला. टँकर भरलेलाच परत आला. साहेबांनी नुसता हात पुढे केला. मी टाकीच्या किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि फाटकाकडे निघाले. ड्रायव्हरभाऊ टँकरला टेकून उपाशीपोटी तंबाखू मळत होते. जाऊन-येऊन त्यांचा सगळा दिवस माझ्यापायी फुकट गेला होता. त्यांनी एकवार गच्चीवरच्या ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अक्का, पुढला टाइमले पापडच भरा. परत धाडात तं वाटमा खाता तरी येतीन."