मर्लनं रंगवलेलं तेविसावं नाव

टॅलॉक क्रीकच्या क्लबात शिरलं की समोरच एक लाकडी फळा दिसतो. फुटबॉलचा कुठला सामना कोण जिंकणार, याचे अंदाज सांगण्यात जो वर्षभरात पहिला येईल, त्याचं नाव त्यावर सोनेरी रंगात चढतं. बावीस नावं, बावीसही पुरुषांची, आणि सगळी रंगवलेली मर्ल पास्कोनं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यातच तिचा जन्म गेला. अंदाजातलं बायकांना काय कळतंय, असं म्हणणारे महाभाग मात्र आमच्याकडे पैशाला पासरी.

त्या वर्षी मर्लनं सगळ्यांची जिरवली. दर गुरुवारी डेस ट्रेविनच्या मटणाच्या दुकानात, काचेवर चिकटवलेल्या कागदावर आपला अंदाज लिहायचा, ही आमची रीत. मोसम संपत आला तेव्हा मर्ल एका गुणानं पुढे होती आणि तिच्या मागे खुद्द डेस, म्हणजे आमच्या क्लबाचा अध्यक्ष. आता उरला फक्त अंतिम सामना. त्याच्या अंदाजाला दोन गुण.

आणि अंतिम सामन्यात पोचलं कोण? तर आमचाच टॅलॉक क्रीक, तब्बल चौदा वर्षांनी! समोर हार्लनचा संघ, वर्षभरात एकदाही न हरलेला.

डेसनं बिनदिक्कत लिहिलं: हार्लन. मर्लनंही तेच लिहिलं असतं तर निकाल काहीही लागो, तिची एका गुणाची आघाडी कुठं जात नव्हती. सॉसेज घ्यायला आलेल्या सगळ्यांनी तिला हेच पढवलं. डेससुद्धा म्हणाला, "मर्ल, डोकं चालव जरा. हातातोंडाशी आलेलं घालवू नकोस."

तिला ते नाव हवं होतं. का नको असेल? घरी तिनं 'मर्ल पास्को' ही अक्षरं आखूनसुद्धा ठेवली होती. पण संध्याकाळी सरावाला निघालेली आमची पोरं याच काचेसमोरून जाणार होती. सत्तावीस वर्षं क्लबाच्या चिखलानं माखलेल्या जर्स्या तीच धुत आली होती.

"जर्स्या मीच धुवायच्या आणि पोरं हरणार म्हणूनही मीच लिहायचं?" असं म्हणून तिनं कागद फाटेल इतक्या जोरानं लिहिलं: टॅलॉक क्रीक.

शनिवारी आम्ही चार गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला आमच्या कप्तानाचा फटका खांबावर आदळला, नाहीतर आमच्याकडच्या फुटबॉलात एका गोलाचे सहा गुण मिळतात, म्हणजे जिंकलोच असतो. डेस एका गुणानं पहिला आला. मर्लला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोला. बाकावर बसून ती घळाघळा रडली, आणि मग उठून तिनं जर्स्या गोळा केल्या.

पुढच्या शनिवारी क्लबात बक्षीस समारंभ होता. मर्लनं नाव रंगवून फळ्यावर कापड टाकून ठेवलं होतं. डेसनं ऐटीत ते ओढलं. 'डेस ट्रेविन', देखणी सोनेरी अक्षरं. आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'आपलाच क्लब हरणार, असं सांगून.'

डेस लालबुंद. हे आत्ताच्या आत्ता पुसून टाक, असं त्यानं फर्मावलं. मर्लनं पिशवीतून टर्पेंटाइनचा बोळा काढला आणि त्याच्याच हातात ठेवला.

"यातलं एक अक्षर जरी खोटं असेल, तर पूस."

डेसच्या मागं सगळी टीम उभी होती. त्यानं बोळा खिशात घातला. ती ओळ फळ्यावर अजून आहे.