पालीएवढी जागा

३ मार्च. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधला जळका बोर्ड दुरुस्तीला घेऊन तासगावहून सांगलीला निघाले. एसटीत शेजारच्या मुलीने तो मागून घेतला, हुंगला, तांब्याच्या दोन रेघांमधून नख फिरवलं.

"काकू, पाल शिरली व्हती व्हय?"

"होय. मेली ती."

असे बोर्ड आखणं हेच तिचं काम. तिने पिशवीतून स्वतः आखलेला बोर्ड काढला. रेघा एकमेकींपासून चांगल्या लांब होत्या.

"साहेब म्हणत्यात, लय मोठा झाला, रेघा जवळ घे. पर मधी पालीचं पिल्लू आडवं पडलं तरी भडका उडाय नको. मागं असाच भडका उडून आमच्या आप्पांचा हात भाजलाय."

"ऐकतील साहेब?"

"न्हाई ऐकलं तर हात दावाय आप्पांनाच घिऊन जाती."

४ मार्च. दुरुस्त झालेला बोर्ड बसवायला सकाळी मेन स्विच पाडून मी स्टार्टरची पेटी उघडली. आत नवी पाल होती. खराट्याच्या काडीने तिला हळूच बाहेर काढलं आणि वायरीच्या भोकात चिंधी कोंबली.