राहता का?

आमच्या कार्यालयात ताईंची खिडकी सात नंबरची आणि माझी आठ. माझ्याकडे पाळलेल्या कुत्र्यांचे परवाने, त्यांच्याकडे गल्लीत गाडी उभी करण्याचे. कुत्री माझ्याकडे, पण अंगावर धावून येणारे सगळे त्यांच्याकडे, असं मी नव्या माणसाला आवर्जून सांगायचो.

जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अरुंद. एकेका गल्लीत तीस-चाळीस गाड्यांची जागा आणि घरटी एक गाडी धरली तरी दोनशे गाड्या. म्हणून नियम असा की ज्याचं घर त्या गल्लीत, त्यालाच परवाना. परवाना म्हणजे काचेवर लावायचं एक हिरवं स्टिकर. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गल्लीच्या तोंडाशी आडवा दांडा आणि त्यामागे शिट्टीवाला. स्टिकर नसेल तर नवरदेवाची गाडी असली तरी आत नाही. ज्यांना परवाना मिळाला नाही ते यादीत. यादीत लोक म्हातारे होतात. परवान्याची मुदत दोन वर्षांची. त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे.

आता पुरावे काय, पायलीचे पन्नास. मावसभावाच्या घरचं वीजबिल आणायचं, सासऱ्याच्या पत्त्यावर टपाल मागवायचं आणि बाजारापाशी दुकान असलेल्या माणसाने गल्लीत फुकटची जागा पटकवायची. ताई पहिली काही वर्षं अशा कागदांना फसल्या. मग त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. कागदांचा गठ्ठा न वाचताच बाजूला ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "राहता का?"

"हो, राहतो ना!"

"मग सांगा, तुमच्या गल्लीत सकाळी सगळ्यात आधी कुठलं दुकान उघडतं?"

खरा राहणारा हसून सांगायचा, वर दुकानदाराची एखादी चहाडीही करायचा. खोटा असेल तो वीजबिल पुढे सरकवायचा. "बिल कोणाचंही येतं," ताई म्हणायच्या, "उजाडतं ते राहणाऱ्याचंच." रांगेत हशा पिकायचा. हा प्रश्न नियमात कुठेही नव्हता. पण बारा वर्षांत त्या प्रश्नाने चांगले दीड-दोनशे लबाड पकडले आणि साहेबांनीही कधी हरकत घेतली नाही. मला तर तो तमाशाच वाटायचा. फुकटात बघायला मिळणारा तमाशा कोण सोडतो? कुत्र्यांचे अर्ज बाजूला ठेवून मी कान तिकडे लावायचो.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला खिडकीवर आला तो पन्नाशीतला एक माणूस, डोळे तांबारलेले, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. स्वतःच्या छोट्या व्हॅनमधून तो इस्पितळांच्या चादरी धुलाईला नेऊन पोचवायचा. परवान्याची मुदत संपली होती. आजवर नूतनीकरणाला त्याची बायको यायची, यंदा हा आला. ताईंनी पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. पत्ता त्यांच्याच गल्लीतला होता, पार टोकाच्या इमारतीतला.

"राहता का?"

"हो. सव्वीस वर्षं झाली."

"सकाळी आधी कुठलं दुकान उघडतं?"

तो विचारात पडला. "मी येतो तेव्हा सगळीच उघडलेली असतात."

"शाळेची बस कुठे थांबते?"

"गल्लीत शाळेची बस येते?"

रांगेतून कोणीतरी खुसखुसलं.

"बरं, चांभार कुठल्या बाजूला बसतो?"

"चांभार…" म्हणून त्याने रांगेकडे वळून पाहिलं.

"मी एकोणीस वर्षं त्या गल्लीत राहतेय," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला एकदाही पाहिलेलं नाही."

"अहो बाई, मी राहतो हो तिथे," एवढंच तो म्हणाला. बोलणाऱ्यांतला नव्हता तो. आणि मी, माझ्या जिभेला काही हाड नाही, आठ नंबरवरून म्हणालो, "राहता, की नुसतं पार्किंगपुरते उतरता?" सगळी रांग हसली. तोही जरासा हसला, माणूस ओशाळला की हसतो तसा. ताईंनी अर्जावर 'वास्तव्य सिद्ध होत नाही' असं लिहून शिक्का मारला.

यादी ताईंच्या हातात नसायची. आपणच त्या भागातल्या, उगाच कोणी बोट दाखवायला नको, म्हणून त्यांनीच ती वरच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर ठेवायला लावली होती. दहा दिवसांनी वरून कागद आला. टोकाच्या इमारतीपाशी रिकामी झालेली जागा यादीतल्या पहिल्या माणसाला मिळाली होती आणि तो पहिला माणूस म्हणजे ताईंचा नवरा. अकरा वर्षं यादीत होता बिचारा. निवृत्त ड्रॉइंगमास्तर, गुडघे दुखणारा. भाजी मंडईच्या मागे गाडी लावायची आणि अर्धा कोस चालत घरी यायचं, हा त्याचा नेम. ताईंनी त्या दिवशी सगळ्या कार्यालयाला पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पुढे महिनाभराने ताईंची दाढ ठणकायला लागली आणि त्या भर दुपारी घरी निघाल्या. एकोणीस वर्षांत आपली गल्ली कामाच्या दिवशी दुपारी दीड वाजता कशी दिसते ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, गाल सुजलेला असताना.

गल्लीच्या मध्यावर तो चादरींच्या व्हॅनचा ड्रायव्हर चालत होता. एका हाताने त्याने बायकोला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात घडीचं स्टूल होतं. पंधरा-वीस पावलं झाली की तो स्टूल मांडायचा, तिला बसवायचा, तिचा पाय हाताने सरळ करायचा. मग पुन्हा उठवायचा. तिची डावी बाजू लुळी पडली होती. चाकाच्या खुर्चीत बसायला ती तयार नव्हती. गाडी मंडईच्या मागे, आणि टॅक्सी दांड्याच्या आत येत नाही.

ताई तिथेच थबकल्या. "तुम्ही इथे…"

"इथेच," तो म्हणाला. "त्या टोकाला. इस्पितळात व्यायामाला नेतोय हिला."

स्टुलावर बसलेल्या बाईने मान तिरकी करून ताईंकडे पाहिलं. ती सावकाश, शब्द गोळा करत बोलायची. "ह्या रोज आठ चाळीसला जातात. पिशवी डाव्या खांद्यावर. पावसाळ्यात छत्री विसरून परत येतात."

"तुम्ही रोज बघता मला?"

"खिडकीतून सगळी गल्ली ओळखते मी. दुकानं, शाळेची बस, चांभार. मला विचारायचंत. ह्यांना काय विचारता? हे गल्लीत राहतात कुठे, झोपतात. पहाटे दोनला जातात, दहाला येतात ते थेट अंथरुणात. दिवेलागणीला उठतात."

ताईंच्या दाढेचं दुखणं कुठल्या कुठे गेलं, असं त्या म्हणाल्या. "व्यायामाला रोज नेता?" त्यांनी विचारलं.

"आठवड्यातून तीनदा न्यायचे," बाईच म्हणाली. "आता एकदाच जमतं. मागच्या महिन्यात मी काठी घेऊन एकटी जिन्यापर्यंत जात होते." त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. मग नवऱ्याने तिला उठवलं आणि ती दोघं पुढे निघाली.

हे सांगताना ताई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. "मी पाहिलं नाही म्हणजे माणूसच नाही, असं धरून चालले मी," त्या म्हणाल्या. "आणि ज्याला दुपारी दोनला गाढ झोपेत असायचं, तो माझ्या खिडकीवर उभा राहून दुकानं आठवत होता." मी खाली बघून कुत्र्यांचे अर्ज नीट रचत बसलो. मला माझं ते वाक्य आठवत होतं. लाज वाटली. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच वाटली.

त्या वर साहेबांकडे गेल्या आणि मीही एक फाइल घेऊन मागोमाग गेलो, उगाच. साहेब भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीने म्हणाले, "ताई, एवढं काय त्यात? मिस्टरांचा परवाना 'स्वेच्छेने परत' असं लिहून द्या. विषय संपला."

"मग जागा त्या ड्रायव्हरला जाईल?"

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "नाही. परत केलेली जागा यादीत जाते. जो पहिला असेल त्याला."

"आणि ड्रायव्हर?"

"त्याचा अर्ज नव्याने. यादीत शेवटी."

"म्हणजे आणखी अकरा वर्षं," ताई म्हणाल्या. "दुसरं काय लिहिता येतं?"

साहेबांना सांगायचं नव्हतं, पण खोटं बोलणंही जमणारं नव्हतं. "'चुकीने नाकारला' असं लिहिलं तर मूळ परवाना पुन्हा उभा राहतो. पण मग चूक कोणाची, ते लिहावं लागतं. आणि तुमच्या घरच्यांनाच जागा मिळाली म्हटल्यावर चौकशी. सेवापुस्तकात शेरा. ताई, तुम्हाला निवृत्तीला चार महिने राहिलेत. बत्तीस वर्षांत एक डाग नाही तुमच्यावर. ह्याची हाकाटी झाली तर लोक काय म्हणतील? नवऱ्याला जागा मिळावी म्हणून गरिबाला हाकललं, असंच म्हणतील ना?"

"म्हणतील," ताई म्हणाल्या. "मीसुद्धा म्हटलं असतं."

माझ्याकडे पाहून त्यांनी पेन मागितलं. मी दिलं. खरं सांगतो, मी त्यांच्या जागी असतो तर 'स्वेच्छेने परत' लिहून मोकळा झालो असतो आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती, बघा केवढा त्याग केला म्हणून. दोन शब्दांचाच तर फरक होता. ताईंनी 'चुकीने नाकारला' लिहिलं, खाली कारण लिहिलं, त्या कारणात आपला तो प्रश्नही लिहिला, आणि सही केली.

घरी खरी परीक्षा होती. नवऱ्याचा परवाना रद्द झाला होता आणि रद्द झालेल्याचा नंबर पुन्हा यादीच्या तळाशी लागतो. ड्रॉइंगमास्तर बराच वेळ गॅलरीत उभे राहून टोकाला लावलेल्या आपल्या गाडीकडे बघत राहिले. "अकरा वर्षं थांबलो आणि पाच आठवडे गाडी लावली," ते म्हणाले. "हातातोंडाशी आलेला घास नव्हे हा, गिळलेला घास आहे. तो काढून द्यायचा?"

"द्यायचा," ताई म्हणाल्या.

"मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं."

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी ब्लेड आणि कोमट पाणी घेतलं, खाली जाऊन काचेवरचं स्टिकर खरवडून काढलं, कडेचा गोंददेखील ठेवला नाही, आणि गाडी मंडईमागे नेऊन लावली. तिथून फोन करून म्हणाले, "इथे सावली आहे. एवढंच." ताई म्हणाल्या की आयुष्यात त्यांना नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, पण ते फोनवर सांगायला त्या विसरल्या.

चौकशी झाली. वरून दोन माणसं आली, त्यांनी मलाही विचारलं. मी जे घडलं ते सांगितलं, माझ्या त्या वाक्यासकट. त्यांना ते गरजेचं वाटलं नाही आणि त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मुद्दाम केलेलं काही नाही असा निकाल झाला, पण शेरा बसला. ड्रायव्हरला स्टिकर परत मिळालं. त्याच्या बायकोचे मधले गेलेले आठवडे मात्र कोणत्याच कागदाने परत येणारे नव्हते. तिला जिन्यापर्यंत जायला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. ताईंना हे ठाऊक होतं, कारण आता त्या संध्याकाळी तिच्या खिडकीखाली थांबून वर बघत विचारायच्या आणि ती खरं ते सांगायची.

चार महिने कसे गेले कळलं नाही. ताईंच्या निरोप समारंभाला त्यांनी स्वतः दोनच पाहुणे बोलावले होते, तो ड्रायव्हर आणि त्याची बायको. वेळ दुपारी तीनची. बायको काठी टेकत, एक पायरी, एक थांबा असं करत पहिल्या मजल्यावर आली. नवरा तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसला आणि पहिल्याच भाषणाला झोपला. त्याची ती झोपेचीच वेळ.

साहेब सेवापुस्तक घेऊन उभे राहिले. रुजू झाल्याची तारीख, बढत्या, रजा. "अशी ही बत्तीस वर्षांची निष्कलंक सेवा," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

"साहेब," ताई खुर्चीवरून उठल्या, "एक ओळ राहिली."

"ताई, आजच्या दिवशी कशाला…"

"वाचा ना. त्या ओळीसाठीच बोलावलंय त्यांना."

साहेबांनी पुस्तक पुन्हा उघडलं. खाकरले. "'अर्जदार सदर गल्लीत राहत असताना तो राहत नाही असे ठरवून परवाना चुकीने नाकारला.'"

टाळ्या कशाला वाजवायच्या आणि कशाला नाही ते कोणालाच कळेना. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बायकोने चांगल्या हाताने नवऱ्याला ढोसलं आणि सावकाश, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, उठा. आपण राहतो, असं वाचलं त्यांनी."

तो दचकून जागा झाला. समोर उभ्या असलेल्या ताई त्याला दिसल्या, आणि झोपेतच त्याने घाईघाईने खिशात हात घालून घडी केलेलं वीजबिल बाहेर काढलं. लोक हसले. मी नाही हसलो. ताई तिसऱ्या रांगेपर्यंत गेल्या, त्यांनी त्याचा तो हात दोन्ही हातांनी धरला आणि बिल त्याच्याच मुठीत मिटवत म्हणाल्या, "राहू द्या हो. राहू द्या."